झांकलेलें रक्त व झांकलेलीं हाडें



लेवीयाच्या 17 व्या अध्यायाच्या 13 व्या वचनांत शिकाऱ्यासाठीं एक लहानशी आज्ञा आहे. कोणीं खाण्यास योग्य असा पशु किंवा पक्षी मारला, तर त्यानें त्याचें रक्त भूमीवर ओतून मातीनें झांकावें, असें तींत सांगितलें आहे. रानांत वेदी नाहीं, याजक नाहीं, पाहणारा कोणी नाहीं. तरीही भुकेल्या शिकाऱ्यानें आधीं वांकून रक्तावर माती घालावयाची होती. मांस मनुष्यास दिलेलें आहे, परंतु जीव देवाचा आहे, हें त्यानें विसरूं नये म्हणून ही आज्ञा होती.

आतां आमच्या गांवांकडे पाहूं. रात्रीं रानडुक्कर किंवा भेकर मारलें जातें आणि उजाडण्यापूर्वीं घरोघर वाटे पोंचतात. एखादा वाटा उपदेशकाच्या दारींही येतो. मग कातडें व हाडें घाईघाईनें पुरलीं जातात. तो शिकारी देवाचें भय धरून रक्त झांकीत असे. आम्ही वनरक्षकाच्या भयानें हाडें झांकतों.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस मनाई केली आहे. पिकांची नासाडी करणाऱ्या जनावराविषयीं वनअधिकारी लेखी परवानगी देऊं शकतो. परंतु उपद्रवी म्हणून जाहीर झालेले प्राणी वगळतां, परवानगीनें मारलेलें जनावरही सरकारची मालमत्ता ठरतें. मग चोरून मारलेल्याचा वाटा आमचा कसा होईल?

कोणी म्हणेल कीं, बाजारांतील मांस चौकशी न करितां खाण्याची मोकळीक पौलानें दिली आहे. होय, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 10 व्या अध्यायांत ती आहे. पण ती मूर्तीस वाहिलेल्या मांसाची धास्ती घालविण्यासाठीं आहे, बेकायदा कृत्यावर पांघरूण घालण्यासाठीं नव्हे. शिवाय दुसऱ्याच्या सद्सद्विवेकबुद्धीसाठीं ताट दूर सारावें, असेंही तो तेथेंच शिकवितो. उपदेशकाच्या चुलीवर काय शिजतें, हें मंडळींतील मुलें पाहत असतात.

डुकरांनीं एका रात्रींत भुईमूग उकरला म्हणजे शेतकऱ्याच्या जिवास काय वाटतें, हें आम्ही जाणतों. त्यानें नुकसानीचा पंचनामा करवून भरपाईसाठीं वनखात्याकडे अर्ज करावा. लिहितां येत नसेल त्यास उपदेशकानें अर्ज लिहून द्यावा. मंडळींतील तरुणांनीं पाळीपाळीनें जागलीस जावें. कुंपणांत वीज मात्र कोणीं सोडूं नये; अशा तारांनीं गुरेंच नव्हे, माणसेंही मेलीं आहेत.

दारीं वाटा आला तर आपण स्वतःस इतकेंच विचारावें: हें मांस दिवसाच्या उजेडांत, दार उघडें ठेवून, देवाचे आभार मानून खातां येईल काय? येत नसेल तर आणणाऱ्यास कठोर शब्द न बोलतां तें परत करावें. त्या दिवशीं घरांत भाकरी व चटणीच असेल, पण तिजवर निर्भयपणें प्रार्थना करितां येईल. ज्याच्या हातीं सर्व जीव आहेत, तो आम्हांस अशी निर्मळ बुद्धि देवो. आमेन.