शेवटचा हात पहिल्यांदा

ब्रश खाली ठेव आणि इकडे ये. त्या खुर्चीवर बसू नकोस, तिचा मागचा डावा पाय हलतोय. रंग द्यायच्या आधीही तो हलतच असणार, कारण रंगाने पाय ढिला होत नाही. मला ते दारातून दिसलं. इतके दिवस ती तुझ्या हाताखाली होती, तरी तो हलतोच कसा?

"सर, गिऱ्हाईक खूश आहे" हे मला सांगू नकोस. गिऱ्हाईकाने अजून फोटोच पाहिलाय. बसायचं बाकी आहे.

भोंगवलीत रस्त्याकडेला तू पत्र्याची शेड टाकलीस तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे आधी सांगतो. भोर-वेल्ह्यातले वाडे उतरवले जातायत. भावाभावांच्या वाटण्या होतात, घराच्या जागी स्लॅब पडतो आणि आजोबांची आरामखुर्ची गोठ्यात जाऊन पडते. त्यातलं चार सामान कुणीतरी उचलून परत वापरात आणावं, हे काम चांगलंच आहे. पण उचललेल्या सामानाची तू काय दशा करतोस ते आज नीट ऐकून घे.

ही लांब हातांची आरामखुर्ची घे. सागवानी, पाठीला आणि बैठकीला वेत. वेत फाटला होता, मान्य. तू काय केलंस? उरलेला वेत ब्लेडने कापून काढलास, खाली प्लायचा तुकडा ठोकलास, त्यावर फोम आणि त्यावर निळं मखमली कापड स्टेपल केलंस. मग लाकडाला पांढरा, खडूसारखा कोरडा दिसणारा रंग. आणि सगळ्यावर कडी म्हणजे रंग वाळल्यावर कडा काचपेपरने घासून काढल्यास. का, तर जुनी दिसावी म्हणून! अरे शहाण्या, ती जुनीच होती. तिच्या हातांवर माणसांच्या कोपरांनी घासून आलेली झळाळी होती. ती झाकलीस आणि खोटी झीज विकायला काढलीस.

हा रंग काही तुझा शोध नाही. इंग्लंडच्या ऍनी स्लोन नावाच्या बाईंनी 1990 साली तो काढला आणि जगभर त्याचं वेड पसरलं. त्यांच्या रंगात खोट नाही. एखादं साधं, जोडकामाचं, डाग पडलेलं कपाट त्या रंगाने खरंच उठून दिसतं. रंगाला माझा विरोध नाहीच. सावंतवाडीला जाऊन बघ. चितारआळीतल्या लोकांचं आयुष्य लाकडावर रंग चढवण्यात गेलंय: पाट, चौरंग, खेळणी, गंजिफाचे पत्ते. ही कला मरायला टेकली होती तेव्हा तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवींनी राजवाड्यात कारागीर बसवून ती उभी केली. त्या गंजिफाचा एक पत्ता कसा होतो माहीत आहे? आधी कापडाला चिंचोक्याची खळ आणि खडू लावून, घोटून घोटून अस्तर तयार करायचं. चित्र त्यानंतर. आणि चित्रावर लाखेचा थर. रंगाखाली इतकी मेहनत असते म्हणून तो टिकतो. तुझ्या रंगाखाली काय आहे? जुनं पॉलिश, त्यावर तेलकट हात, त्यावर धूळ.

सागवानात मुळातच तेल असतं. म्हणून वाळवी त्याला सहसा हात लावत नाही आणि म्हणूनच रंगही त्याला नीट धरत नाही. स्पिरिटने पुसून घ्यायला हवं होतं, मग लाखेचा एक पातळ हात, त्याने आतला पिवळा-तपकिरी डाग वर येत नाही, आणि मग रंग. हे तू केलं नाहीस, त्यामुळे पावसाळा सरता सरता त्या पांढऱ्यावर चहा सांडल्यासारखे डाग उमटतील. तेव्हा गिऱ्हाईक तुला फोटो पाठवेल, बघ.

आणि लाखेचं ते पॉलिश होतं हे तरी तपासलंस का? खुर्ची उलटी करायची, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे कापसाच्या बोळ्याने स्पिरिट चोळायचं. चिकट झालं तर लाख. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर किडे जो थर चढवतात तो. आपल्या देशात या एका वस्तूसाठी रांचीला 1924 साली संशोधन संस्था निघाली, आणि एरवी तू ती लाख डबाभर थिनरने धुऊन टाकतोस. लाखेच्या पॉलिशचा मोठा गुण असा की ते परत उतरतं. वीस वर्षांनी दुसरा कुणी बोळा स्पिरिटमध्ये बुडवेल आणि त्याच थराला पुन्हा जिवंत करेल. तू वर जे पीयूचं पॉलिश मारतोस ते उतरवायला बहुतेक वेळा लाकूडच खरवडावं लागतं. हो, लाखेला पाणी आणि गरम कप सोसत नाही, म्हणून जेवणाच्या टेबलाला मी स्वतः लाख लावणार नाही. पण ही आरामखुर्ची आहे. तिच्यावर कुणी वरण सांडत नाही. आणि हो, भर पावसात पॉलिश करायला बसू नकोस. हवेतला ओलावा धरून ते पांढुरकं पडतं.

आता पायाकडे ये. सांध्यात फेविकोल पिचकारलास आणि वरून खिळा मारलास. कार्यानुभवाच्या तासाला तुला पटाशी धरायला शिकवली ती याचसाठी? जुने सुतार हे सांधे सरसाने चिकटवत. ऊब आणि ओल मिळाली की सरस सुटतो, म्हणून सांधा उघडता येतो. गरम ओलं फडकं गुंडाळून ठेवायचं, मोगरीने हळूहळू ठोकत कुसू बाहेर काढायचं, जुना सरस खरवडून कोरं लाकूड दिसेपर्यंत साफ करायचं. फेविकोल लाकडाच्या छिद्रांत शिरून धरतो. सरसाच्या कवचावर तो नुसता बसून राहतो. कुसू झिजलं असेल तर त्याला सागवानाची पातळ पट्टी चिकटवून जाडी परत आणायची. मग चिकटा, मग शिकंजा. शिकंजा नसेल तर दोरी गुंडाळून काठीने पीळ दे, तेवढंही चालतं. खुर्ची सपाट फरशीवर ठेवून चारही पाय टेकतात का ते चिकटा ओला असतानाच बघायचं. तुझ्या खिळ्याने कुसू आतून चिरलं असणार. आता ते नवीन करावं लागेल, आणि त्याचे पैसे तू गिऱ्हाईकाकडून घ्यायचे नाहीत.

बैठकीचं तर मला बोलवतच नाही. वेत हौसेखातर लावलेला नव्हता. उकाड्यात अंगाखालून हवा खेळते म्हणून आपल्याकडे वेताच्या खुर्च्या आल्या. पुण्या-मुंबईच्या इराणी हॉटेलांत ज्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या असत, त्यातल्या कितीतरींची बैठक अशीच. तो घाट व्हिएन्नाच्या थोनेटचा, 1859 चा: सहा लाकडं आणि दहा स्क्रू. सुटे भाग केले की छत्तीस खुर्च्या एक घनमीटर खोक्यात मावत, म्हणून ती जगभर पोचली. लोकांनी त्या वर्षानुवर्षं बडवल्या, वेत फाटला की पुन्हा विणून घेतला आणि खुर्ची चालू राहिली. तुझ्या फोमवर घाम सुटला की उठून दुसरीकडे बसावं लागेल. चौकटीच्या कडेला वेताची भोकं ओळीने पाडलेली असतात. त्याच ओळीशेजारी तू स्टेपलची दुसरी ओळ मारलीस. तिथे लाकूड चिरतं.

वेत विणायचा कसा? पाण्यात भिजवून मऊ करायचा. उभे पदर, त्यावर आडवे, परत उभे, मग आडवे विणत न्यायचे, शेवटी दोन्ही बाजूंनी तिरके. सहा फेऱ्या. वाळताना तो आपोआप आवळतो, म्हणून विणताना फार ताणायचा नाही. आपल्याकडच्या अंधशाळांतून मुलांना हे काम शिकवत आणि ती मुलं बोटांनी भोकं मोजून ते करत. तुला दोन डोळे असून प्लाय सुचला.

कापडकामाला मी नावं ठेवत नाही. तू केलेल्या या सोफ्याला ते लागणारच होतं. पण तिथेही तीच घाई. जुनं कापड एकेक पदर उलगडून काढायचं, तुकडे जपून ठेवायचे, कारण नव्याचा फर्मा तेच. तू ओढून फाडलंस. नवार सैल झाली होती तिच्याकडे पाहिलंही नाहीस. ती ताणून, एकात एक गुंफून नवी मारायला हवी. ती सैल असेल तर वर सोन्याचं कापड घातलंस तरी मधे खड्डा पडणार. बैठकीला फोम कुठला घातलास? पार्सलमधला. दुकानात जाऊन चाळीस डेन्सिटीचा मागायचा. महाग पडतो, पडू दे. आणि मखमलीची लव सगळीकडे एकाच दिशेला हवी. या सोफ्याचा एक हात गडद दिसतोय आणि दुसरा फिका. कापड एकाच थानातलं आहे ना?

आता जे सांगतोय त्यात चेष्टा नाही. परवा त्या हिरव्या फडताळाचा जुना ऑइलपेंट तू ग्राइंडरने कोरडा घासत होतास आणि तुझा लहानगा तिथेच धुळीत खेळत होता. जुन्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा, जास्त नसावं हा नियम आपल्याकडे 2016 मध्ये झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यात काय होतं ते तुला-मला माहीत नाही. ती धूळ पोरांच्या मेंदूला आणि वाढीला बाधते, आणि तिची सुरक्षित अशी मात्रा कुणीही सांगत नाही. तसला रंग कोरडा घासायचाच नाही. पाणी मारून, ओल्या काचपेपरने किंवा रंग सोडवणारी पेस्ट लावून खरवडायचा, खाली प्लास्टिक अंथरायचं, तोंडाला एन-95, नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसायचं, आणि कामाचे कपडे घरात न्यायचे नाहीत. पोराला शेडमध्ये आणायचं नाही. यावर मी वाद ऐकणार नाही.

शेवटचं, खुर्चीला लावलेल्या त्या पाटीविषयी. "भोर राजवाड्यातली शाही खुर्ची" असं तू लिहिलंयस. कोणी सांगितलं? आपला राजवाडा 1869 चा. संस्थान 1948 च्या मार्चमध्ये विलीन झालं. त्यानंतरही गावोगावचे सुतार अशा खुर्च्या करतच होते. ही उलटी केली तर पट्टीला चौफुली खाचेचे स्क्रू आहेत. असले स्क्रू अमेरिकेत 1930 च्या दशकात निघाले. इथल्या सुताराच्या पेटीत ते कधी आले कोण जाणे. नंतरच्या दुरुस्तीचेही असतील. म्हणजे तुला माहीत नाही, मलाही नाही. माहीत नसेल तर लिहायचं नाही. ज्या घरातून आणलीस त्या घरच्या म्हातारीला विचारलं असतंस तर तिने खुर्ची कुणी केली, कधी केली, लाकूड कुठलं, सगळं सांगितलं असतं. ते लिहिलं असतंस तर राजवाड्यापेक्षा जास्त पैसे आले असते, असं मला वाटतं. पुण्यातली माणसं अशा गोष्टींवरच भाळतात. केळकर संग्रहालयात लोक तिकीट काढून काय बघायला जातात? साध्या घरातले दरवाजे, दिवे, अडकित्ते.

खरवडायची ही खोड तुझ्या एकट्याची नाही. लंडनमध्ये विल्यम मॉरिसने 1877 साली जुन्या इमारती वाचवायला एक संस्था काढली. लोक जुनी चर्चं खरवडून नवी करत होते, त्याचा राग येऊन. तिचं टोपणनावच पडलं खरवड-विरोधी. तुला तिचा सभासद हो म्हणत नाही. पण खरवडायच्या आधी एकदा हात थांबव.

तर उद्या काय करायचं. गिऱ्हाईकाला फोन कर, खुर्ची आणखी वेळ घेईल असं सांग, का ते खरं सांग, आणि पैसे परत मागितले तर मुकाट्याने दे. निळी मखमल उतरव. प्लाय काढ, पण एकेक स्टेपल उचकटून काढ, हिसका देऊ नकोस. त्या भोकांत लाकडाचा भुसा आणि सरस मिसळून भर. पांढरा रंग उतरवताना लाकडापर्यंत जाऊ नकोस, खालचं पॉलिश जेवढं वाचेल तेवढं वाचव. पाय उघड. तोवर मी वेताचा गुंडा कुठे मिळतो ते बघतो. आणि अंबूर लागेल. माझा मागू नकोस, बाजारातून स्वतःचा घेऊन ये.