उसना पासवर्ड

दिवाळीच्या सुट्टीत मिरजेच्या आजोळी दोन मावस भावंडं जमली. नीरज डिप्लोमाला, कॉम्प्युटर शाखेत. मृणाल बी.कॉम.ला. कॉलेजं वेगळी, पण दोन्ही एकाच संस्थेची. कॉम्प्युटरमधलं आपल्याला सगळं कळतं असं नीरजला वाटायचं आणि आपल्याला त्यातलं काहीच कळत नाही असं मृणालला. दोघांचेही अंदाज चुकलेले होते.

त्यांचा नंदूमामा पुण्यात पेनटेस्टर आहे. कंपन्या त्याच्याशी लेखी करार करतात आणि स्वतःच्याच यंत्रणेत घुसून दाखवायला सांगतात. कुठून शिरता आलं, काय दुरुस्त करायला हवं, याचा तो अहवाल देतो. अशा मामाला भाचरं सोडतात होय! फराळाच्या ताटावरच नीरजने विषय काढला.

"मामा, आम्हाला हॅकिंग शिकव ना."

"शिकवत नाही. खेळा," म्हणत मामाने लॅपटॉप पुढे सरकवला.

खेळाचं नाव 'बॅन्डिट'. 'ओव्हरदवायर' या मंडळींनी तो नवशिक्यांसाठी फुकट खुला ठेवला आहे. त्यांच्या सर्व्हरला २२२० या पोर्टवरून एसएसएचने, म्हणजे दुरूनच लॉगिन करायच्या सोयीने, जोडून घ्यायचं. सुरुवातीचं युजरनेम 'बॅन्डिट०', पासवर्डही तोच. आत शिरलं की पुढच्या पातळीचा पासवर्ड कुठेतरी दडवलेला असतो. तो शोधायचा, बाहेर पडायचं आणि त्या पासवर्डाने पुढच्या पातळीत शिरायचं. अशा तिसाहून अधिक पातळ्या. चित्रं नाहीत, आवाज नाहीत, नुसता काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर.

"एकच अट," मामा म्हणाला. "पासवर्ड सापडला की तो कसा सापडला, ते वहीत लिहायचं. आपल्या शब्दांत."

पहिली पायरी दोघांनीही चटकन ओलांडली. दुसरीवर मृणाल अडकली. तिथे फाइलचं नाव होतं नुसती एक आडवी रेघ. तिने फाइल वाचण्याची 'कॅट' ही कमांड दिली, पुढे ती रेघ टाकली आणि एंटर दाबलं. काहीच झालं नाही. पडदा तसाच, कर्सर लुकलुकतोय. तिला वाटलं, लॅपटॉप अडकला. बंद करून पुन्हा केलं, पुन्हा तेच. बऱ्याच वेळाने तिने सहज काहीतरी टाइप केलं, तर तीच ओळ खाली पुन्हा उमटली. म्हणजे मशीन बंद पडलं नव्हतं, ते तिच्या टायपिंगची वाट बघत होतं! शोधता शोधता कळलं की 'कॅट'च्या पुढे नुसती रेघ दिली, तर 'फाइल राहू दे, कीबोर्डवरून येईल ते वाच' असा तिचा अर्थ होतो. मग तिने रेघेच्या आधी टिंब आणि तिरकी रेघ दिली, म्हणजे 'याच फोल्डरमधली फाइल' असं ठणकावून सांगितलं. पासवर्ड समोर आला. त्या रात्री तिच्या वहीचं अख्खं पान एका रेघेवर खर्ची पडलं.

नीरजला एवढा दम कुठला? त्याने यूट्यूब उघडलं. कुणीतरी सगळ्या पातळ्या सोडवून दाखवल्या होत्या. खरं तर या खेळात शिरल्या शिरल्या जी सूचना दिसते, तिच्यात पासवर्ड आणि उत्तरं जाहीर करू नका असं बजावलेलं असतं. पण देणाऱ्याने दिलं होतं, घेणाऱ्याने घेतलं. व्हिडिओतले काही पासवर्ड जुने झाले होते, तिथे त्याने कमांड जशीच्या तशी उतरवली. बाराव्या पातळीवर एक फाइल अनेक वेळा दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून ठेवलेली असते. प्रत्येक वेळी आत काय निघालं ते तपासायचं, मगच पुढचं वेष्टण सोलायचं. मृणालचे त्यात दोन दिवस गेले. नीरजने चहा निवायच्या आत ती पातळी उरकली.

"मी पंचविसावर, आणि ताईसाहेब अजून तेराव्यावर!" त्याने घरभर सांगितलं.

मामाने त्याची वही मागितली. वहीत पासवर्डांची यादी होती. मामा काही बोलला नाही. परत देताना एवढंच म्हणाला, "या वहीतलं तुझं काय आहे?"

सुट्टी संपली. दुसऱ्या सत्राची फी भरायची वेळ आली. संस्थेने फीसाठी नवं पोर्टल केलं होतं. लॉगिन करा, पैसे भरा, पावती उतरवून घ्या. मृणाल आणि तिची मैत्रीण शेजारी बसून आपापल्या पावत्या बघत होत्या. मृणालच्या लक्षात आलं की दोघींच्या ब्राउझरमधल्या पत्त्याच्या पट्टीत बाकी सगळं सारखं आहे, फक्त शेवटचा आकडा वेगळा. तिथे आपण दुसरा आकडा टाकला तर? तिचा हात कीबोर्डवर गेला आणि थांबला. 'बॅन्डिट'मध्ये तिला शिरायला बोलावलेलं होतं. इथे कुणी बोलावलं नव्हतं. तिने मामाला फोन लावला.

"करून बघू नकोस," मामा म्हणाला. "शंका आली तेवढीच लिहून प्राचार्यांना मेल कर. दखल घेतली नाही तर 'सर्ट-इन'ला कळवू. अशा त्रुटी कळवून घ्यायला सरकारने ती यंत्रणा ठेवलेली आहे."

नीरजलाही तेच दिसलं होतं. त्याने आकडा बदलला. दुसऱ्याच मुलाची पावती उघडली. नाव, मोबाइल, पत्ता, फीची सवलत कोणत्या कारणाने मिळाली तेसुद्धा. त्याला आकाश ठेंगणं झालं. नेटवरून एक स्क्रिप्ट उचलली, आकडे फिरवायला लावले आणि शेकडो पावत्या उतरवून घेतल्या. त्यातली एक मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, 'भाऊने पोर्टल फोडलं.'

दोन दिवसांत त्याला बोलावणं आलं. पोर्टल सांभाळणाऱ्या इंजिनिअरने सर्व्हरचा लॉग उघडला होता. एकाच लॉगिनवरून काही मिनिटांत शेकडो पावत्या, ओळीने. शोधायला फार कष्ट पडले नव्हते. ज्या मुलाची पावती ग्रुपवर फिरली, त्याचे वडील केबिनबाहेर बसले होते. घरची अडचण चारचौघांत आली म्हणून त्यांना बोलणंही सुचत नव्हतं.

"तू केलंस ते नक्की कशामुळे शक्य झालं, सांग," इंजिनिअरने विचारलं. "निदान दुरुस्तीला उपयोग होईल."

नीरज गप्प. स्क्रिप्ट त्याने लिहिलेली नव्हती. त्रुटी कुठे आहे, हेही त्याला सांगता येईना.

तेव्हा प्राचार्यांनी टेबलावरचा एक छापील मेल इंजिनिअरपुढे सरकवला. मृणालचा, तिच्या कॉलेजकडून इकडे आलेला. त्यात लिहिलं होतं : 'माणूस लॉगिन झाला आहे की नाही, हे पोर्टल तपासतं. पण मागितलेली पावती त्याच माणसाची आहे का, हे तपासलं जात नसावं अशी मला शंका आहे. मी कोणाचीही पावती उघडून पाहिलेली नाही.' इंजिनिअरने ते दोनदा वाचलं. दुरुस्ती त्याच संध्याकाळी झाली.

संस्थेने पोलिसांत तक्रार केली नाही. नीरजने सगळ्या फाइली पुसल्या, लेखी हमी दिली, त्या मुलाच्या घरी जाऊन माफी मागितली. मामाने त्याला समोर बसवून कायदा वाचून दाखवला. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००. कलम ४३ : मालकाच्या परवानगीशिवाय यंत्रणेत शिरणं, माहिती उतरवून घेणं, याची भरपाई द्यावी लागते. कलम ६६ : तेच अप्रामाणिक हेतूने केलं, तर ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

"पण मामा, दार उघडंच होतं रे," नीरज पुटपुटला.

"उघडं होतं म्हणून ते तुझं झालं का? व्हिडिओतला पासवर्डही उघड्यावरच होता. आयतं दिसेल ते उचलायची सवय तुला तिथे लागली. ती इथे आडवी आली."

नीरजने जुनी वही टाकून नवी घेतली आणि 'बॅन्डिट०'पासून पुन्हा सुरुवात केली. आडव्या रेघेच्या पातळीवर तो चांगला अडकला. या खेपेला त्याने यूट्यूब उघडलं नाही.

बोध असा की, जे कमावलं नाही ते ज्ञान आपलं नसतं आणि ज्याची परवानगी नाही ते दार आपलं नसतं. हॅकिंगचा छंद जरूर लावून घ्या. 'बॅन्डिट' आहे, कार्नेगी मेलन विद्यापीठाचं 'पिकोसीटीएफ' आहे, आपल्याच कॉम्प्युटरवर चालवून मनसोक्त फोडायला मुद्दाम सदोष बनवलेलं 'ज्यूस शॉप' आहे. फोडायला दिलेलं एवढं असताना दुसऱ्याचं फोडायचं काही कारण नाही. आणि चुकून कुठे त्रुटी दिसलीच, तर हात मागे घ्या आणि मालकाला कळवा.