अक्रोडाचं लाकूड मांडीवर

बसा.

जमिनीवरच बसा, पाठ भिंतीला टेकवून. मांडीवर जुनी सुती चादर पसरा.

आंबिवलीत संध्याकाळ होते आहे. शहाडकडून लोकल येते, थांबते, टिटवाळ्याकडे निघते. ती जाऊ द्या. आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबा.

आता चादरीवर लाकूड आहे.

पॉइंट टू-टू रायफलचा नवा दस्ता. नुसता दस्ता. नळी इथे नाही, बोल्ट नाही, काडतूस तर नाहीच. ते सगळं परवाना असलेल्या कारागिराकडे आहे, कुलपात. 1959 चा शस्त्र अधिनियम कडक आहे, आणि तो तसाच असावा. या संध्याकाळी आपल्या वाट्याला फक्त लाकूड आलं आहे.

श्वास घ्या. सोडा.

हात अजून लावू नका. पाहा.

खांद्याला टेकणारा मागचा भाग रुंद आहे. तिथे रेषा वळतात, तपकिरी रंगातून जवळजवळ काळ्या होतात, परत उजळतात. मुठीत धरायचा भाग अरुंद. तिथे रेषा सरळ आहेत, मुठीच्याच दिशेने जाणाऱ्या.

हे आपोआप झालेलं नाही. कारागिराने फळी निवडताना पाहिलं आहे. मुठीपाशी रेषा आडव्या गेल्या तर दस्ता तिथेच मोडतो. म्हणून नक्षी मागे आणि सरळपणा मुठीत.

एक रेषा निवडा. तिच्यावरून नजर सावकाश नेत राहा. ती कुठे संपते ते शोधू नका. नुसते तिच्याबरोबर जा.

थांबा.

हे लाकूड अक्रोडाचं आहे. काश्मीरकडचं. तिथे अक्रोडाचं झाड फळांसाठी जपतात, तोडायला परवानगी लागते. फळी निघाली तरी लगेच कामाला येत नाही. इंचभर जाडीला साधारण वर्षभर, असं ती सावलीत वाळत राहते. आपण ज्याच्यासमोर दोन घटका बसतो आहोत, ते आधी वर्षानुवर्षं पडून राहिलं आहे.

शिसव जड पडतं. साग आपल्याकडे सगळ्यात लाडका, पण दस्त्याच्या कामाला चटकन चिरतो. अक्रोड हलकं, चिवट, आणि एकदा वाळलं की आकार धरून राहणारं.

श्वास घ्या. सोडा.

आता हात ठेवा. फक्त ठेवा. तळवा मागच्या रुंद भागावर.

आधी गार लागतं. राहू द्या तसंच.

हळूहळू गार वाटेनासं होतं. तुमची ऊब लाकडाने घेतली. लोखंड ती घेतं आणि लगेच घालवतं. लाकूड ठेवून घेतं.

जुना दस्ता कोपऱ्यात उभा आहे. बीचचं लाकूड, वर गडद रंगाचा हात. त्याने काम चोख केलं आहे. त्याच्याकडेही एकदा पाहा. तो मोडला म्हणून बदलला नाही. सुंदर लाकूड हाती असावंसं वाटलं, म्हणून बदलला. मला हे कारण पुरेसं वाटतं, आणि ते सांगताना संकोच करू नये असंही वाटतं.

शिवाय ही रायफल सौम्य आहे. 1887 पासून चालत आलेलं हे छोटं काडतूस. त्याच्या बुडाच्या कडेतच पेट घेणारा मसाला असतो. पिन मधोमध नाही, त्या कडेवर पडते. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. खांद्याला धक्का असा लागतच नाही. म्हणून इथे लाकूड निवडताना रेषा पाहायला, रंग पाहायला थोडी मोकळीक मिळते.

हात तसाच राहू द्या.

आता दस्ता उलटा करा. सावकाश. आत पाहा.

नळीसाठी लांब पन्हळ कोरलेली आहे. तिच्या मागे, जिथे रायफलचं यंत्र बसतं, तिथे लाकडावर पुसट काळे डाग आहेत.

ती काजळी आहे.

कारागीर लोखंडाला काजळीचा पातळ हात देतो. ते लाकडात बसवतो, उचलतो, पाहतो. जिथे काळं उमटलं, तिथे लाकूड उंच आहे. तेवढंच पटाशीने खरवडतो, केसभर. पुन्हा काजळी. पुन्हा बसवणं. पुन्हा उचलणं. लोखंड जिथे जिथे टेकायला हवं तिथे सगळीकडे सारखं टेकेपर्यंत.

त्या डागांकडे पाहत राहा. प्रत्येक डाग म्हणजे एकदा थांबून पाहिलेलं.

आणि आता पन्हळीकडे पाहा. तिथे एकही डाग नाही.

नळी कुठेच टेकायची नाही. यंत्र घट्ट बसतं, आणि तिथून पुढे नळी लाकडावर मोकळी राहते. मधून कागदाची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकली पाहिजे, इतकी जागा.

या जागेचं कारण आंबिवलीत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. जून उजाडला की दारं घट्ट होतात, कपाटाचे खण ओढावे लागतात. उल्हास नदीच्या काठची हवा सगळ्या लाकडात शिरते. दस्ताही फुगतो. फुगून नळीला एका बाजूने रेलला, की उन्हाळ्यात मधोमध लागणारी गोळी पावसाळ्यात कडेला जाते. माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

म्हणून ती पट्टीभर मोकळी जागा.

बोट पन्हळीतून फिरवा. रिकामी जागा बोटाला कशी लागते ते पाहा.

श्वास घ्या. सोडा.

अळशीच्या तेलाची वाटी जवळ ओढा. वास येऊ द्या.

या लाकडाला आधी ओल्या फडक्याने पुसून वाळवलं आहे. ओलीने त्याचे बारीक तंतू उभे राहतात. ते पॉलिश पेपरने उतरवले, पुन्हा ओलवलं, पुन्हा उतरवले. आता ते शांत आहे. आता तेल.

दोनच थेंब. तळव्यावर घ्या. लाकडावर ठेवा. चोळा.

जोर नको. फिरत राहा. तळवा तापतो, तेल पातळ होतं, आत जातं.

पाहा, रंग वर येतो आहे. मघाशी फिक्या वाटलेल्या जागी मध दिसतो. तपकिरी रेषेच्या बाजूला दुसरी, अगदी बारीक रेषा दिसते. ती तिथेच होती.

चोळत राहा.

पन्हळीलाही तेल लावा. मागच्या टोकालाही, जिथे रबरी गादी बसते आणि रेषा उघड्या पडतात. दिसत नाही त्या जागेतूनच पाणी आधी शिरतं.

मोहन्याची एनआरसी कंपनी इथून जवळ. 2009 मध्ये ती बंद पडली. तिथे लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचा धागा निघत असे. लाकडाचा धागा काय असतो हे या भागातल्या कितीतरी घरांना हातांनी ठाऊक आहे. त्या हातांची आठवण मनात आली तर येऊ द्या. मग परत या लाकडापाशी या.

दस्ता खांद्याला लावा. गाल वर टेकवा. डोळे मिटा.

गाल आपोआप जागेवर आला का? मान ओढावी लागली का? मनगट सरळ आहे का? उत्तर देऊ नका. ऐका.

याच ऐकण्यावर सगळं उभं आहे. पन्नास मीटरवरच्या निशाण्यात दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं, सदऱ्याच्या गुंडीएवढं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला पोटावर झोपून ते साधलं आणि जगज्जेती झाली. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 ला, पॅरिस ऑलिंपिकमध्ये, गुडघ्यावर, पोटावर आणि उभं राहून 451.4 गुण घेतले. कांस्य. आज मोठ्या रेंजवर ॲल्युमिनिअमचे, स्क्रूंनी हवे तसे जुळवता येणारे दस्ते खूप दिसतात. पण गाल टेकतो, खांदा टेकतो आणि श्वास थांबतो, तो याच जागांवर.

श्वास घ्या. सोडा.

सोडून झाला की पुढचा लगेच घेऊ नका. मध्ये एक जागा आहे. नेमबाज तिथेच चाप ओढतो. तुम्ही ओढायचं काहीच नाही.

त्या जागेत थोडं राहा.

पुन्हा. घ्या. सोडा. राहा.

आता दस्ता खाली घ्या. उरलेलं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढा, लाकूड चिकट लागेनासं होईपर्यंत. जाड थर वाळत नाही, धूळ धरतो.

फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना तापतं, आणि चुरगाळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. ते पाण्यात भिजवा, पिळा, मग बाहेर दोरीवर पूर्ण उलगडून वाळत घाला. दस्ता वाऱ्याच्या जागी, उन्हापासून लांब, टांगून ठेवा. आजची हवा दमट आहे. दुसरा हात परवा द्या, उद्या नको.