विचार पाहुणा, गाणी घरची

चि. नातीस,


युरोपातल्या तत्त्वज्ञांच्या विचारांवर उभी राहिलेली राष्ट्रीय संस्कृती उसनीच म्हणायची, असं तू लिहिलंस. मला ते पटत नाही. का, ते फिनलंडवरून सांगते.

१८०९ पासून फिनलंडवर रशियाच्या झारचं राज्य होतं, पण कचेरीची आणि शिकल्यासवरल्यांची भाषा स्वीडिश. फिनिश बोलायचे ते मुख्यतः शेतकरी, कोळी. लोकांचं अंतरंग त्यांच्या भाषेत आणि गाण्यांत सापडतं, हा जर्मन विचारवंत हर्डर यांचा विचार तुर्कूच्या विद्यापीठात पोचला होता. तिथेच शिकलेल्या एलियास ल्योनरोटच्या मनात तो रुजला.

पेशाने हा डॉक्टर. कारेलिया या प्रदेशातल्या खेड्यापाड्यांतून हिंडून त्याने गाणी उतरवून घेतली. १८३४ मध्ये त्याला आर्हिप्पा पेर्त्तुनेन हा वृद्ध शेतकरी भेटला. आर्हिप्पाने सांगितलं, की आपले वडील आणि त्यांचा सोबती मासेमारीला गेले, की शेकोटीजवळ हातात हात घेऊन रात्रभर गायचे आणि एकच गाणं पुन्हा यायचं नाही. अशा गाण्यांतून १८३५ मध्ये 'कालेवाला' हे महाकाव्य आकाराला आलं. गाणी लोकांची, गुंफण ल्योनरोटची. पुढे जर्मन तत्त्वज्ञ हेगेलच्या विचारांवर पोसलेल्या स्नेलमन या फिनलंडच्या विचारवंताने, स्वतः स्वीडिशमध्ये लिहून, सुशिक्षितांना बजावलं, की फिनिश आपलीशी केल्याशिवाय राष्ट्र उभं राहणार नाही. १८६३ मध्ये झारच्या फर्मानाने फिनिशला सरकारी कारभाराचं दार उघडलं.

हर्डरने कान कुठे द्यायचा ते दाखवलं. शब्द, चाली, पाठांतर सगळं आर्हिप्पासारख्यांचं. मग यात उसनं काय? आपल्याकडे साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये बायकांच्या ओव्या गोळा केल्या. हेमा राईरकर आणि फ्रान्समध्ये जन्मलेले गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या हजारो ओव्या नोंदवल्या. लिहून घेणारा परदेशात जन्मला, म्हणून ओवी परकी झाली नाही.

एक मात्र सांभाळ. गोळा करणाऱ्याचं नाव पुस्तकावर राहतं, गाणाऱ्यांची नावं बहुधा मागे पडतात. म्हणून विचार कुठून आला ते जरूर तपास, पण त्याने आपल्याच माणसांचं ऐकायला शिकवलं का, हे आधी बघ. शिकलेल्या माणसाला शेतकऱ्याच्या ओसरीवर बसवणारा विचार मी आपलाच मानते. हर्डर वाच, आणि सुट्टीत गावी आलीस की आळीतल्या बायकांच्या ओव्या उतरवून घे. प्रत्येकीचं नाव घालून.

तुझी,
आजी