बी आधी की नांगर?

हिंगोली जिल्ह्यात मनाच्या मशागतीची सर्वांत जुनी गोष्ट नामदेवांची आहे. नर्सी हे त्यांचे जन्मगाव मानले जाते आणि गुरू भेटले ते औंढा नागनाथला. दोन्ही गावे याच जिल्ह्यातली. तेरच्या संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके थापटून पाहिले, बाकीचे गप्प बसले, नामदेव तेवढे रागावले आणि कच्चे मडके ठरले, असे परंपरा सांगते. विठ्ठलाशी रोज बोलणाराच कच्चा निघाला! मग ते औंढ्याला गेले. तिथे विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव, एवढेच ते म्हणाले. नामदेवांच्या भक्तीत उणे काही नव्हते. आपल्याला आता नवे काही ऐकायचे उरले आहे, ही जाणीव तेवढी यायची होती.

या मुलखात वाढलेला ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्र उघडतो तेव्हा ही गोष्ट त्याच्या कानावरून गेलेली असते. माझ्याही गेली होती. म्हणूनच वचन घेण्यासाठी अंतःकरण तयार करा, असे पाळक उपदेशात सांगत, तेव्हा मला पहिला प्रश्न पडे तो हा, की ही तयारी करायची कोणी? पुढे वाचत गेलो तसे कळले की हा प्रश्न बायबलइतकाच जुना आहे आणि त्याचे उत्तर वेळोवेळी बदलत आले आहे.

इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला होशेय संदेष्टा लोकांना पडीक जमीन नांगरायला सांगतो. शंभरेक वर्षांनी यिर्मया तेच म्हणतो आणि काटेरी रानात पेरू नका, अशी पुस्ती जोडतो. दोघांनीही नांगर ऐकणाऱ्याच्या हाती दिला आहे. पण यरुशलेम पडले, लोक बाबेलला नेले गेले, आणि त्या बंदिवासात यहेज्केल वेगळेच बोलू लागला: देवच दगडाचे हृदय काढून मांसाचे देईल. मला यात त्या पिढीचा अनुभव दिसतो. सगळे हातचे गेल्यावर आपल्याच नांगरटीवर भरवसा कोण ठेवणार? तरीही माघारी आल्यानंतरच्या एज्राबद्दल लिहिले आहे, की त्याने नियमशास्त्र शोधण्याकडे, पाळण्याकडे आणि शिकवण्याकडे आपले मन लावले होते. दोन्ही उत्तरे शास्त्रात शेजारी शेजारी राहिली. कोणी एक खोडून दुसरे ठेवले नाही.

मग येशूचा पेरणाऱ्याचा दाखला येतो. मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही तो दिला आहे. काही बी वाटेवर पडते, काही खडकाळीवर, काही काटेरी झुडपांत आणि काही चांगल्या जमिनीत. कळमनुरीकडच्या एका घरी प्रार्थनासभेत मार्कचा चौथा अध्याय वाचला गेला, तेव्हा शेतमजुरी करणारी एक मावशी मध्येच म्हणाली, "पण त्यानं वाटंवर बी टाकलंच कशाला? त्याच्याकडं तिफन नव्हती का?" खोली हसली. मी हसू शकलो नाही. इतकी वर्षे उपदेश ऐकून हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

आमच्याकडे बी असे उधळत नाहीत. तिफणीमागे चालणारी बाई चाड्यावर मूठ धरते आणि दाणा न् दाणा तासात पडतो; आता ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने तेच काम आणखी मोजून होते. त्याआधी वखराच्या पाळ्या झालेल्या असतात. मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणून कोणी धावत नाही. सोयाबीनसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी विभाग दरवर्षी बजावतो. जाणता माणूस रानात जाऊन मूठभर काळी माती दाबून पाहतो. तिचा गोळा झाला आणि खाली टाकल्यावर फुटला, तर वाफसा आला. चिकटून राहिली तर आणखी दोन दिवस थांबायचे. बियाणे महाग असते आणि दुबार पेरणीचा धसका प्रत्येक घराने घेतलेला असतो. अशा शेतकऱ्याला तो दाखल्यातला पेरणारा निष्काळजीच वाटणार.

पॅलेस्टाईनची रीत मात्र निराळी होती. तिथे बी हाताने फेकून पेरत आणि अनेकदा नांगर त्यानंतर फिरवत, असे जर्मन अभ्यासक योआकिम येरेमियास यांनी मांडले आहे. पायवाटही नांगराखाली येणार, तणही येणार, म्हणून बी सगळीकडे पडे. सगळ्याच अभ्यासकांना हे मान्य नाही. पण मावशीच्या प्रश्नाने मला तिथे नेऊन उभे केले, आणि मग दाखला उलगडला. आमच्या हिशेबाने आधी मशागत, मग बी. त्या पेरणाऱ्याच्या हिशेबाने बी आधीही पडू शकते. जमीन तयार झाली की नाही, याची तो वाट पाहत बसत नाही.

चौथ्या शतकाअखेर अंत्युखियात उपदेश करणाऱ्या योहान क्रिसोस्तोमलाही हीच अडचण आली होती. शहाणा शेतकरी खडकावर बी टाकणार नाही, हे त्याने मान्य केले आणि म्हटले की मातीबाबत हे खरे असले तरी माणसाबाबत नाही. इथे खडकाचीही काळी जमीन होऊ शकते. ऑगस्टीननेही आपल्या श्रोत्यांना अजून वेळ आहे तोवर दगड वेचा, काटे उपटा, असेच बजावले. दाखल्यातल्या चार जमिनी म्हणजे चार जातींची माणसे, आणि ज्याची जमीन जशी तशीच ती राहणार, ही समजूत या दोघांनी मोडली. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. बाराव्या शतकात दुसऱ्या गिगो नावाच्या कार्थुशियन मठवासीयाने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशी चार पायऱ्यांची शिडी मांडली. त्यातले मनन आमच्या घरोघरच्या पारायणांना नवे नाही.

सोळाव्या शतकानंतर मात्र या विचाराला काच बसू लागला. इंग्लंडमधला प्युरिटन पाळक थॉमस हूकर याने आत्म्याच्या पूर्वतयारीवर एक सबंध ग्रंथ लिहिला. तो १६३२ साली छापला गेला आणि पुढच्याच वर्षी हूकर न्यू इंग्लंडला गेला. पापाची जाणीव, मग पश्चात्ताप, मग नम्रता, अशा टप्प्यांनी मन ख्रिस्तासाठी तयार होते, हे त्याचे म्हणणे. तिथलाच दुसरा प्युरिटन पाळक जॉन कॉटन याला त्यात धोका दिसला: कृपा ही कृपाच राहिली पाहिजे, माणसाच्या तयारीचे बक्षीस होता कामा नये. पुढे १८१३ साली मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरी त्याच न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांचे वारसदार होते. १८३१ साली ते अहमदनगरला पोहोचले. बाप्तिस्मा मागणाऱ्याला ते लगेच तो देत नसत. आधी शिकवण, मग पारख. त्यांचा हेतू चांगलाच होता. तरी तयारी ही अशी परीक्षा झाली की नापास होण्याच्या भीतीने माणूस शास्त्राच्या उंबऱ्यावरच थबकतो. आजही आमच्या मंडळ्यांत "मी अजून लायक नाही, म्हणून वाचत नाही" म्हणणारे भेटतात, तेव्हा ही जुनी भीती ओळखू येते.

कवी नारायण वामन टिळक त्याच अमेरिकन मिशनच्या वर्तुळात आले, पण त्यांची जमीन कोणत्याही मिशनने नांगरलेली नव्हती. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. हातात पेन्सिल घेऊन ते वाचायला बसले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. वरवर पाहता हे दोन वर्षांचे काम. पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो, असे त्यांनीच पुढे सांगितले. तो पूल बांधला जायला किती पिढ्या लागल्या, याचा हिशेब केला की नर्सी आणि औंढाही त्यात येतात. मराठी माणसाचे मन वचनासाठी तयार करण्यात वारकऱ्यांचा वाटा आहे, हे ख्रिस्ती उपदेशकांनी मोकळेपणाने म्हणायला हवे.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट त्याहून अवघड. नवरा ख्रिस्ती झाल्याचा घाव त्यांनी सोसला, काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, आणि पुन्हा एकत्र आल्यावरही सोवळे सुटले नाही. ते सुटले एका प्रश्नाने: जात देवाने केली की माणसाने? उत्तर मिळाल्यावर त्यांनी शिवाशिव टाकून दिली. बाप्तिस्मा त्यानंतरचा. येशूने काटे म्हणजे संसाराची चिंता आणि धनाचा मोह, असे सांगितले. आपल्या देशात जात हा आणखी एक काटा आहे, आणि लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना तो उपटला जाताना दिसतो.

पंडिता रमाबाईंबाबत तर बी आणि नांगर यांचा क्रमच उलटा झाला. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त स्वतः मिळाला नव्हता, अशी कबुली त्यांनी १९०७ साली लिहिली. तो भेटला बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी. संस्कृत पंडित, शास्त्रांत मुरलेल्या, तरीही इतका काळ वचन पृष्ठभागावरच राहिले. हा उशीर त्यांचे अपयश होता असे मला वाटत नाही. पडलेले बी त्या काळात आत जात होते. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणले, खेड्यातल्या बायांना समजावे म्हणून. १९२२ साली मृत्यूपूर्वी त्यांनी ते काम पुरे केले. छपाई मुक्तीतल्याच स्त्रियांच्या हातून झाली. मुक्तीत येण्याआधी ज्यांना कोणी अक्षर शिकवले नव्हते त्या खिळे जुळवत होत्या, म्हणजे वचन आत उतरायच्या आधीच त्यांच्या हातात होते.

मराठवाड्यात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवले, तेव्हापासून इथली ख्रिस्ती घरे बहुतांशी मातंग आणि महार समाजांतून आली. हिंगोली जिल्ह्यात ती अगदी थोडी आहेत. या घरांची जमीन पिढ्यान्‌पिढ्यांच्या अपमानाने फाटलेली होती. ती नांगरट देवाने केली, असे कोणी म्हणू नये. ती माणसांनी केलेली हिंसा होती. देवाने केले असेल ते एवढेच, की त्या भेगांत पडलेले बी वाया जाऊ दिले नाही.

म्हणून आमच्या सभांत मला एक आग्रह धरावासा वाटतो. वाचन झाल्याबरोबर उपदेशकाने अर्थ सांगायला घेऊ नये. ज्यांनी नुसते ऐकले, त्यांना आधी बोलू द्यावे. अक्षर न येणाऱ्या बायांना सगळ्यांत आधी. तिफणीचा प्रश्न ज्या मावशीने विचारला, तिला पुढच्या खेपेला दाखला तिच्या शब्दांत सांगायला लावले. तिने चौथ्या जमिनीपासून सुरुवात केली, आणि बाकीच्या तीन जमिनींबद्दल म्हणाली, "त्या पुढल्या साली."