उद्याची तहान

मनुष्य उद्याची चिंता वाहतो, म्हणून तो मनुष्य. पेरणीचे बियाणे राखून ठेवणाऱ्या कुणब्याला आपण कृपण म्हणत नाही, शहाणा म्हणतो. पण हाच न्याय पाण्याला लावता येईल काय? अमेरिकेतील कोलोरॅडो नदीची कथा वाचल्यापासून हा प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाही.

त्या नदीच्या वरच्या खोऱ्यात ग्रीन रिव्हर नावाने ओळखले जाणारे खडकांचे थर आहेत. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तेथे सरोवरे होती; त्यांच्या तळाच्या गाळाचा हा खडक झाला. त्यात केरोजेन नावाचे द्रव्य असते. खडक पाचशे अंशांच्या आसपास तापविला म्हणजे त्यापासून तेल मिळते. एकट्या पिसिआन्स खोऱ्यात दीड लाख कोटी पिंपांइतके तेल दडले असावे, असा शासकीय भूवैज्ञानिकांचा २००९ सालचा अंदाज आहे. हाती किती येईल ही गोष्ट निराळी. मात्र धूळ बसवायला, जळका चुरा निववायला, वीज करायला आणि कामगारांच्या वस्तीला पाणी हवे. पाण्यात जन्मलेला हा दगड पाण्यावाचून तेल देत नाही!

आणि पाणी तर केव्हाच वाटले गेले आहे. १९२२ च्या करारात वरच्या व खालच्या खोऱ्यांना प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट पाणी नेमून दिले, तेही ओल्या वर्षांच्या मापाने. नदी पुढे तेवढी वाहिली नाही. कोलोरॅडो राज्याचा कायदा म्हणतो, जो आधी आला त्याचा हक्क आधी. काम उभे राहण्यापूर्वीही सशर्त हक्क नोंदविता येतो. दर सहा वर्षांनी प्रयत्न चालू असल्याचे न्यायालयाला दाखविले की जुनी तारीख कायम. तेलकंपन्यांनी असे हक्क गेल्या शतकाच्या मध्यापासून राखून ठेवले आहेत. तुरी अजून बाजारातच आहेत, पण वाटणी होऊन गेली आहे.

कोणी म्हणेल, यात बिघडले काय? तोवर ते पाणी इतर लोक वापरतातच. हे खरे आहे. परंतु ज्याने मागाहून बाग लावली, त्याची झाडे उसन्या पाण्यावर उभी असतात. उद्या कारखाना निघाला की तो मागून येऊनही पुढे बसणार. बियाणे राखणारा कुणबी स्वतःचा घास मागे ठेवतो. येथे दुसऱ्याची निश्चिंती गहाण पडते. आणि ही गहाणवट कोणत्या उद्यासाठी? २ मे १९८२ च्या रविवारी एक्सॉन कंपनीने आपला कॉलनी प्रकल्प एकाएकी बंद केला. दोन हजारांहून अधिक माणसे कामाला मुकली. व्यापारी प्रमाणावरचे तेल त्या खडकातून आजही निघत नाही.

शिवाय ‘आधी’ म्हणजे केव्हापासून? १८८१ साली यूट लोकांना पश्चिम कोलोरॅडोतून हुसकून लावले. सर्वांत आधीचे तेच होते. १९०८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, मोंटानातील एका खटल्यात, आदिवासींच्या राखीव प्रदेशाबरोबर पाणीही राखले गेले असे मानले. न वापरल्याने तो हक्क बुडत नाही. म्हणजे पाणी राखून ठेवणे हाच अन्याय नव्हे. मग भेद कोठे आहे?

मला वाटते, भेद तहानेच्या धन्यात आहे. जी माणसे आहेत आणि ज्यांची लेकरे उद्या असणारच, त्यांच्यासाठी ओंजळभर पाणी राखणे हा धर्म. जो उद्योग तेलाच्या भावाबरोबर उगवतो आणि मावळतो, त्यानेही पाणी मागावे. पण मुदत घालून, आणि मधल्या काळात त्या पाण्यावर जगणाऱ्यांना विचारून. उद्याची चिंता जरूर करावी. फक्त ती आजच्या माणसाच्या उशाला बसू नये.