लस घेतलेला हात

रांग लांब असते, कुर्त्याची बाही वर सरकत नाही, मग गळा बाजूला ओढून खांदा उघडा केला जातो. सुई दंडाच्या जाड स्नायूत जायची ती दोन-तीन बोटं वर, हाडालगत शिरते. तिथे सांध्याजवळ एक वंगणाची पिशवी असते. लस त्या पिशवीत उतरली की आत सूज धरते. दोन दिवसांत सुरू झालेलं दुखणं मग महिनोन्महिने हटत नाही. वेणी घालायला हात मागे जात नाही, वरच्या फळीवरचा डबा निघत नाही, त्या कुशीवर झोप लागत नाही. बाई चाळिशीची असेल तर घरचे, दारचे आणि कधीकधी डॉक्टरसुद्धा सांगतात, ‘फ्रोजन शोल्डर, या वयात होतंच.’

दोष लसीचा नाही, टोचण्याच्या जागेचा आहे. तरी हात गेला तो तिचाच.

पुण्याच्या खराडीतल्या अशा बाईने भरपाई मागायची तर कुठे? ज्या ठिकाणी सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, ती सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगितलं. म्हणजे महापालिकेच्या दवाखान्यात फुकट लस घेतली असेल तर ग्राहक आयोगाचं दार बंद. शेजारणीने तीच लस खासगी रुग्णालयात पैसे मोजून घेतली असेल, तर ती दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगात जाऊ शकते. सुई तशीच, दुखणंही तसंच, फरक फक्त पावतीचा.

दिवाणी दावा दोघींनाही लावता येतो. पण तिथे निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, आणि तो कुणाचा? सकाळपासून उभ्या उभ्या माणसामागून माणसाला टोचणाऱ्या नर्सताईचा. एका दुखावलेल्या बाईने दुसऱ्या दमलेल्या बाईला पिंजऱ्यात उभं करायचं, तेव्हा कुठे फिजिओथेरपीचा खर्च निघणार. हा दोघींवरही अन्याय आहे.

अमेरिकेने 1986 मध्ये लसीमुळे होणाऱ्या इजांसाठी वेगळा कायदा केला. लसीच्या प्रत्येक डोसवर, ती जितके रोग रोखते त्या प्रत्येकामागे 75 सेंट कर बसतो आणि त्या निधीतून भरपाई मिळते. 2017 पासून खांद्याची ही इजाही भरपाईच्या यादीत आहे. खांदा आधी ठणठणीत होता, 48 तासांत दुखू लागला, सहा महिन्यांहून जास्त दुखत राहिला, एवढं दाखवलं की चूक कुणाची हे सहसा विचारलं जात नाही. कोविडच्या लसींसाठी तिथे निराळी योजना आहे आणि तिचा हात फार आखडता आहे, हेही सांगायला हवं.

आपल्याकडे औरंगाबादच्या एका वडिलांनी मुंबई उच्च न्यायालयात 1000 कोटींची भरपाई मागितली. डॉक्टर मुलीने जानेवारी 2021 मध्ये कोविशील्ड घेतली, 1 मार्चला ती गेली. केंद्राच्या समितीनेच लसीचा संबंध मान्य केला, असं त्यांचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयात आलेल्या अशाच दुसऱ्या एका प्रकरणात नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्र दिलं, की सरकारला जबाबदार धरता येणार नाही, भरपाई हवी त्यांनी दिवाणी न्यायालयात जावं. मुलगी गमावलेल्यांना जिथे हे उत्तर, तिथे दुखऱ्या खांद्याला कोण विचारणार?

खराडीहून नदी ओलांडली की मांजरी. तिथे कोविशील्ड बनवणाऱ्या सीरम इन्स्टिट्यूटच्या आवारात 21 जानेवारी 2021 ला आग लागून पाच कामगार गेले. कंपनीने लगेच प्रत्येकाच्या घरच्यांना 25 लाख जाहीर केले. पैशाने माणूस परत येत नाही हे सगळ्यांनाच माहीत होतं, तरी ते द्यायलाच हवेत याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. लस घेणाऱ्याबाबतच आपण का अडखळतो? लोक घाबरतील म्हणून? देवी गेली, पोलिओ गेला, ते लोकांनी विश्वासाने हात पुढे केले म्हणून. काही बिघडलं तर आपल्याला वाऱ्यावर सोडणार नाहीत, हे कळलं तर तो विश्वास वाढेलच.

तोवर एवढं करा. दुखणं तिसऱ्या दिवशीही उतरलं नाही तर अंगावर काढू नका. जिथे लस घेतली तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी नोंद करा आणि पोच घ्या. लसीची तारीख, कोणता हात, सुई कुठे टोचली, दुखणं कधी सुरू झालं, सगळं त्यात लिहा.